मनोजच्या नावावरचे सहा बळी

अंजूर,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय काळूराम,

केसरीदादाचा नमस्कार. पाड्यावर सगळे बरे आहात ना? आमचं ठीक. गुडघे कुरकुरतात, बायको माझ्यावर कुरकुरते, दिवस जातो. हे पत्र तुला तुझी लेक काशी वाचून दाखवील. काशी बेटा, मधलं काही गाळू नकोस.

तीनदा फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. सकाळपासून हे पत्र लिहितोय आणि उठतोय. तुझी कमळवहिनी वैतागून म्हणाली, "एका जागी बसा, न्हायतं शेतावर जा." शेत कुठे राहिलंय? खाडीकडचं आपलं क्रिकेटचं मैदानही आता गोदामासाठी विकलं गेलं. रविवारी तिथली शेवटची फायनल आहे.

माझ्या हातून एक चूक झाली होती. शहाण्णव साल आठव. गावकीचा नियम होता, रेशनकार्ड गावातलं असेल तरच संघाच्या यादीत नाव. तुमचा पाडा कुठल्याच गावच्या यादीत बसेना. माझा धाकटा भाऊ मनोज यादीत होता, पण त्याचा चेंडू सरळ पडत नव्हता. म्हणून तो तंबूत आणि त्याच्या नावाने तू मैदानात. फायनलला राहनाळचे सहा गडी काढलेस. स्कोअरची वही माझ्याकडे होती, मी ते मनोजच्या नावावर लिहिले. माइकवाला ओरडत होता आणि तू मला म्हणालास, "दादा, मनोज-मनोज वरडतान, न मी माझ्याच विकेटीला टाल्या पिटतंय." मी हसलो होतो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परवा माझ्या लेकीने, क्षितिजाने, मोबाइलवर अमेरिकेतल्या काळ्या बेसबॉल खेळाडूंचं वाचून दाखवलं. गोऱ्यांच्या संघात घेत नव्हते, म्हणून त्यांच्या लीगच वेगळ्या. हॉटेलात खोली मिळाली नाही तर बसमध्ये झोपायचे आणि सकाळी पुन्हा खेळायचे. जन्मभर खेळूनही मोठ्या वहीत त्यांची एक धाव नव्हती. गेल्या वर्षी ते आकडे तिथे चढवले म्हणे. तोवर बहुतेक जण मरून गेले होते. क्षितिजा म्हणाली, "पप्पा, तुमची जुनी वही दाखवा ना." मी म्हटलं, वाळवीने खाल्ली. वही कपाटातच आहे.

वर चूक म्हणालो. पुढचं ऐक, मग तूच ठरव. त्या फायनलच्या दिवशी एका कंपनीचे साहेब त्यांच्या संघासाठी बोलर शोधायला आले होते, निवडलेल्याला नोकरीही मिळणार होती. त्यांना उशीर झाला, सामना दिसलाच नाही. वही बघून त्यांनी विचारलं, "हा मनोज कोण?" तू दोन हातांच्या अंतरावर उभा होतास, चेंडू अजून हातात. तू माझ्याकडे पाहिलंस. मी भावाकडे बोट दाखवलं.

त्यांनी मनोजला घेतलं, पण पहिल्याच मोसमात खांदा दुखतो म्हणून तो बाहेर बसला. नोकरी मात्र राहिली. दोन वर्षांपूर्वी दापोड्याच्या एका गोदामापाशी मी तुला पाहिलं. ट्रकमध्ये खोकी फेकत होतास, डाव्या हाताने, तीच तुझी फेक. मी रिक्षावाल्याला म्हटलं, थांबू नकोस.

रविवारी मनोजचा सत्कार आहे, त्याच सहा बळींसाठी. माइक माझ्याकडे आहे. मी खरं बोलणार, हे काल त्याला सांगितलं. "दादा, रिटायर व्हायला आलो, आता कशाला उकरतोस?" म्हणाला, आणि उठून गेला.

वहीचं ते पान सोबत पाठवतोय. मनोजचं नाव खोडून तुझं लिहिलंय, खाली माझी सही आहे. तू आलास तर वर बोलावीन, नाही आलास तरी नाव तुझंच घेईन. मला शिवी द्यायची असेल तर तीही माइकवरच दे, गावाला ऐकू दे.

चुकून नव्हे, मुद्दाम तुझं नाव न लिहिणारा,
केसरीनाथ