धावपट्टीवरची चादर

चॅलिस, आयडाहो
१ ऑगस्ट १९८३

चि. आर्वेलास,
अ. आ.

जूनमध्ये मी येऊन गेलो ते तू पाहिलंसच. तुझ्या धावपट्टीच्या तोंडाशी चादर अंथरलेली दिसली, तसे पंख हलवून परत फिरलो. बर्फ वितळून जमीन भिजली असणार. उतरलो असतो तर चाकं रुतून विमान नाकावर आपटलं असतं. चादर दिसली की उतरायचं नाही, ही क्लॉइडची खूण त्याच्यामागेही तू पाळलीस, बरं केलंस. तुझ्यासाठी आणलेले जर्दाळू मात्र मीच फस्त केले, रागावू नकोस.

आता वाईट बातमी. डॉक्टरने डोळे तपासून मला विमान चालवायला मनाई केली. शनिवारी ते एका दंतवैद्याला विकलं. तीस वर्षं तुझ्या कुरणात पंखाखाली तंबू ठोकला. घरात पलंग असताना मेहुणा बाहेर कुडकुडतो, म्हणून क्लॉइड मला वेडा म्हणायचा. सगळं संपलं गं. जूनची खेप शेवटची होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

एकटी लाकडं फोडत बसू नकोस. आठवण ठेव.

तुझा,
थेअर


टंबल क्रीक
९ ऑगस्ट १९८३

ती. थेअरदादास,
सा. न.

तुझं पत्र बुधवारच्या टपालाच्या विमानाने आलं. तेव्हापासून उत्तर लिहितेय आणि फाडतेय. उद्या विमान यायचं, म्हणून आज लिहितेच.

दादा, जमीन ठणठणीत कोरडी होती. चादर मी रागाने अंथरली. क्लॉइडला मातीत ठेवून तासही झाला नव्हता, आणि तू चारचौघांत म्हणालास की हे सगळं विकून गावात ये, तुला एकटीला झेपायचं नाही. वर्षभर ते डोक्यात घुमत होतं. म्हटलं, येऊ दे, दाखवतेच जागा कुणाची आहे ती! खोटी खूण करणाऱ्याला क्लॉइडने दारात उभं केलं नसतं.

तू पंख हलवलेस आणि माझं अवसान गळालं. चादर उचलून हलवत कुंपणापर्यंत धावले, पण विमान नदीच्या वळणाआड गेलं. तुझी शेवटची खेप मी वाया घालवली. मला माफ कर.

लहान समजून पोटात घाल. माझ्यावरचा लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
आर्वेला


चॅलिस
१५ ऑगस्ट १९८३

चि. आर्वेलास,
अ. आ.

रडू नकोस. खोटं मीही लिहिलं. तुझं वासरू धावपट्टीवरून उधळलं तेव्हा मागे धूळ उडाली होती. ओल्या जमिनीवर धूळ उडत नाही, एवढं मला कळतं. तू रुसली आहेस हे वरूनच समजलं. त्या दिवशी तसं बोललो ते चुकलंच माझं, आणि हेच सांगायला मी आलो होतो.

आणखी एक आहे. वळणावर मी मागे पाहिलं होतं. डोळे अधू झाले असले तरी एवढी पांढरी चादर जमिनीवरून उचललेली दिसली. तू धावत होतीस, तेही दिसलं. वळायला जागा होती, टाकीत पेट्रोल होतं, सकाळची गार हवा होती. मी मनात म्हटलं, धावू दे जरा, पुढच्या वर्षी येऊ.

या म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा दादा,
थेअर