हिरव्या देठांचा माग

ता. ४ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फोन अण्णांच्या खोलीत आहे, म्हणून पत्र लिहिते. अण्णांची रक्ततपासणी पुन्हा बिघडल्याचं दादाने कळवलं. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे आणि पालेभाजी एकदम जास्त पोटात गेली की त्या गोळीचं काही चालत नाही, हे डॉक्टरांनी आपल्या सगळ्यांसमोर सांगितलं होतं. गुठळी होऊन झडप अडकली तर जिवावर बेतेल, असंही म्हणाले होते. म्हणून विचारते. तुमच्या माहेरी पालेभाजीशिवाय पान हलत नाही, हे मला ठाऊक आहे. वाटीभराने काय होतंय, असं कधी वाटलं असेल तर मोकळेपणी सांगा. मी दादाजवळ चकार शब्द काढणार नाही.

शिवणाच्या ऑर्डरी गळ्याशी आल्यात, पण गेल्या वेळेसारखी सगळं टाकून महिनाअखेरीला येतेच आहे.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.

तुमची,
चिमणी

ता. ९ जून

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. चहा घेतला, मग उत्तराला बसले. माझ्या माहेरची पानं हलोत न हलोत, या घरात ऑपरेशनपासून मी पालेभाजी शिजवलेली नाही.

पण संशय मलाही आहे. कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले माठाचे देठ सापडले. सकाळी पालथी घातलेली कढई संध्याकाळी उताणी असते. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात, तुझा दादा छापखान्यात. फरशी पुसणाऱ्या बाईंना आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या की त्यांना या भाजीच्या वासानेच मळमळतं. खरं सांगू, संशयाची सुई तुझ्याकडेही वळली. येतेस तेव्हा माझ्यामागे लाडाने काही करून घालतेस का? आता तूही मोकळेपणी सांग.

चिडून लिहिलंय, पण लोभ आहे म्हणूनच.

तुझी,
वहिनी

ता. १४ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी भडकले, मग हसू आलं. फिट्टंफाट झाली. मी काही करून घातलेलं नाही. आणि अण्णा स्वतःहून खातील हे तर मला मुळीच पटत नाही. आईची पाठ वळली की ते आपल्या ताटातली पालेभाजी माझ्या ताटात सारायचे. मग उरला दादाच. त्याची जीभ किती चटावलेली आहे हे तुम्हाला माहीत आहे; दुपारी येऊन स्वतःसाठी करत असेल आणि अण्णांनाही वाढत असेल. तुम्ही एकदा न सांगता दुपारी घरी जाच.

मला खरंच भीती वाटते, वहिनी. लोभ असू द्या आणि लवकर कळवा.

चिमणी

ता. २० जून

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुकानातून अर्धी रजा घेऊन घरी आले. अण्णा एकटेच स्वयंपाकघरात होते. समोर कढईभर माठ, धड निवडलेला नाही, मीठ नाही, नुसता पाण्यात उकडलेला. नाक दाबून एकेक घास पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होते. मला पाहून चमचा खाली ठेवला.

हे जिवावर बेतेल, कळतं ना, असं मी विचारलं. कळतं, म्हणाले. पेल्यात उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाले की तपासणी चांगली आली तर चिमणी फोनवरच खूश होते, बिघडली की येते.

मला तिथेच रडू कोसळलं. कढई ओतून दिली, डॉक्टरांना सगळं कळवलं. त्यांनी गोळी वाढवून दिली आहे आणि आठवड्याने पुन्हा तपासायला सांगितलं आहे. तुझ्या दादाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

आता माझं ऐक. महिनाअखेरीला येऊ नकोस, ही तपासणी बिघडलेलीच आहे. पुढची चांगली आली की त्याच दिवशी निघ, ऑर्डरी राहू देत. हे मी अण्णांना सांगितलं आहे. कालपासून ते गोळीची वेळ व्हायच्या आधीच पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहतात.

लोभ पत्रातून पाठवू नकोस, घेऊन ये.

तुझी,
वहिनी