सुटकेचा पुकारा

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला, तेव्हा आधी रागावून घ्या आणि मग पुढे वाचा. आईचा गुडघा बरा आहे. ती जिना चढते आणि वर पोचल्यावर जिन्याचा उद्धार करते.

माझं मात्र कशात लक्ष नाही. आमच्या चौथीच्या वर्गातला पृथ्वीचा गोल पडून फुटला. त्या वेळी शेजारून धावत गेली ती आमची वावटळ. ही मुलगी चालत अशी जातच नाही, म्हणून पोरांनीच हे नाव ठेवलंय. मी तिला अडतीस मुलांसमोर उभं करून झाडलं आणि तिच्याकडे सांभाळायला दिलेली पुस्तकांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली. हात लावला नाही, असं ती सांगत होती. मी ऐकलं नाही. चार दिवसांनी गोलाचा स्क्रू माझ्याच खडूच्या डब्यात सापडला. गोल पुसायला म्हणून मीच तो काढला होता आणि लावायला विसरले होते.

मी लगेच तिला जिन्यापाशी गाठून माफी मागितली, किल्ली पुढे केली. ती ठीक आहे म्हणाली, पण किल्ली घेतली नाही. आता मागच्या बाकावर बसते, हात वर करत नाही, आणि मामा, ती चालते. अगदी हळू चालते. मला ते बघवत नाही. चूक कबूल केली, शिक्षा मागे घेतली, आणखी न्याय म्हणजे काय असतो? तुमची उभी हयात कोर्टात गेली, तुम्हीच सांगा.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमची भाची


८ फेब्रुवारी

चि. बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

हयात कोर्टात गेली खरी, पण दाराबाहेर. न्यायाधीश आत बसायचे आणि मी बाहेर नावं पुकारायचो. तेव्हा कायद्याचं विचारशील तर माझी पाटी कोरी. आवाजाचं मात्र विचार. मी पाणी मागितलं की शेजारचे घेऊन येतात, असं तुझी मामी अजून म्हणते.

त्या दारात एक गोष्ट मला खटकायची. आरोपीला आत बोलावताना त्याचं नाव तीनदा, सगळा व्हरांडा ऐकेल असं. तोच निर्दोष सुटला तर काही नाही. बिचारा भिंतीच्या कडेकडेनं निघून जायचा, आणि ज्यांनी नाव ऐकलं होतं ते तेवढंच ऐकून घरी जायचे. मग मी आपल्या मनानं सुरू केलं. माणूस सुटला की पुन्हा तीनदा नाव, पुढे निर्दोष, आणि आवाज तोच. साहेबांनी दोनदा तंबी दिली. तिसऱ्यांदा द्यायला बाहेर आले, तर सुटलेल्याची म्हातारी आई माझा पुकारा ऐकून बाकावर बसून रडत होती. साहेब चष्मा पुसत आत गेले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

आता तूच बघ. झाडलंस अडतीस जणांसमोर आणि माफी जिन्यापाशी. मधल्या मधे आवाज कुठे बसला तुझा? घसा साफ कर आणि वर्गात जा.

तब्येतीला जप, आणि पत्राला पुन्हा उशीर केलास तर मी फोन करीन, मग कानाचं तू बघ.

तुझा मामा


१४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गेले. घसा साफ केला आणि वर्गात गेले. तिला उभं केलं होतं तिथेच उभी राहिले, स्क्रू वर धरला आणि खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. मग मागच्या बाकावरून हात वर झाला. बाईंना शिक्षा काय, असं वावटळीनं विचारलं. तेही तिनंच ठरवावं, असं वर्गानं ठरवलं. तिनं बराच विचार केला आणि सांगितलं की बाईंनी पाच मिनिटं तिथेच उभं राहायचं.

उभी राहिले. दुसऱ्या मिनिटाला पहिल्या बाकावरचा एक जण उठला आणि नकाशावरची शाई आपली आहे म्हणून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मग खडू चोरणारी आली. मग खिडकीचा खिळा उपटणारे दोघं. मुख्याध्यापिका डोकावल्या तेव्हा भिंतीला लागून आम्ही बारा गुन्हेगार होतो, आणि वावटळ त्यांना हातवारे करून खटला समजावून सांगत होती. त्या बाई कधी हसत नाहीत. त्या दिवशी त्यांना खुर्ची द्यावी लागली.

शाळा सुटल्यावर वावटळ किल्ली घेऊन अशी धावली की शिपाईकाका भिंतीला चिकटले. मी तिला हळू चाल म्हटलं नाही. मामा, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

असेच कान उपटत राहा.

तुमची भाची


१९ फेब्रुवारी

चि. बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो, पण मग मला जेवण जाईना.

तू सात वर्षांची असताना ताईचं, म्हणजे तुझ्या आईचं, टेबलावरचं घड्याळ मोडलं होतं. तू सगळ्यात खुडबुड करणारी, म्हणून तुझ्यावर आलं. ताईनं सगळ्यांदेखत तुला बोलून घेतलं आणि सर्कशीला नेलं नाही. ते घड्याळ मी उघडलं होतं. दुरुस्ती येते असं दाखवायला गेलो आणि आतली स्प्रिंग उडाली. सर्कशीला मी गेलो, आणि विदूषकाला सगळ्यात मोठ्यानं हसलो. तुझ्या पोरांना पाच मिनिटं लागली. मला एकतीस वर्षं लागली.

रविवारी माझ्या पंचाहत्तरीला सगळे जमणार आहेत. पानं वाढली की मी उभा राहून सांगणार आहे. तोवर ताईला कळू देऊ नकोस. तिच्यापुढे मी अजून पाच वर्षांचा होतो.

हात लावला नाही, असं तू तेव्हा रडत सांगत होतीस. तू खरं बोलतेस हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं.

लोभ ठेवायचा की नाही, ते रविवारी माझं ऐकून ठरव.

तुझा मामा