ओव्हनचा चकचकीत तळ

५ जानेवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचे गुडघे संपावर गेल्यामुळे गॅसचा ओव्हन घासायचं खातं माझ्याकडे आलंय. सोडा लावून भिजवला, खरवडला, आरसा केला. तळाच्या भोकांतून तेल गळतं, म्हणून वर चंदेरी कागद घट्ट बसवला. आई म्हणते, माझ्याकडे कधी इतक्या प्रेमाने पाहिलं नाहीत. थंडी मरणाची. खिडकीच्या फटी बुजवून आम्ही ओव्हनपाशीच बसतो. ज्योतही आता शेकोटीसारखी पिवळीधमक दिसते.

बाकी क्षेम.

तुझे बाबा

१० जानेवारी

ती. बाबांना सा. न.

तुम्ही आणि घासणी! आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण ज्योत निळी असते ना? गॅसवाल्याला एकदा दाखवा. आईचं पत्रात एक अक्षरही नाही, ती बरी आहे ना?

तुमची चिमणी

१५ जानेवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

उगाच जीव टांगणीला लावू नकोस. थंडी सरली की बोलावतो गॅसवाल्याला. आईचं डोकं ठणकतं, म्हणून लिहीत नाही. माझंही जड होतं, पण बाजारात गेलो की उतरतं. ती घराबाहेर पडतच नाही, बसल्या जागी पेंगते. भिंतीवर काजळी धरतेय, ती मी रोज पुसतो.

बाबा

१९ जानेवारी

बाबा,

मायना राहू द्या. इथल्या गॅसवाल्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, भोकं बुजलीत, विषारी धूर घरात कोंडतोय, त्याला वासही नसतो. ओव्हन आत्ताच बंद करा, खिडक्या उघडा, आईला बाहेर न्या. दिवस भरत आल्यामुळे मला प्रवास करू देत नाहीत, नाहीतर पत्राऐवजी मीच आले असते.

चिमणी

२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

तुझं पत्र मला फाटकातच मिळालं. तिथेच वाचलं आणि धावलो. आत ओव्हन चालू होता आणि आई खुर्चीत कलंडली होती. हाका मारल्या, हलवलं, उठेना. शेजारच्या सुताराने उचलून बाहेर आणलं. दवाखान्यात कितीतरी दिवस ती शुद्धीवर नव्हती. गॅसवाल्याने कागद ओरबाडून काढला, मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

काल तिला घरी आणलं. जेवते, हसतेसुद्धा. पण मला ओळखत नाही. तिचा थोरला भाऊ लहानपणीच गेला, तोच मी, असं तिला वाटतं. दादा, दादा म्हणून हाक मारते.

मी ओ देतो.

लोभ असू दे.

बाबा