स्टँड खालीच होता

ओर्नेला,

दहाला लेक्कोचा माणूस मोटरसायकल न्यायला येईल. त्याला कॉफी दे आणि विकायची नाही म्हणून सांग.

आई गेल्यापासून ती उभीच होती. आज शेवटचं म्हणून तेल बदललं. इंजिन सुरू झालं, पण गाडी जागची हलेना. मग पाहिलं तर स्टँड खालीच. या ऑटोमॅटिक गाडीत तो खाली असला की मागचा ब्रेक लागलेला राहतो. चाळीस वर्षं तो तुझी आईच पायाने वर करायची आणि मागे बसून म्हणायची, "गिअर आपोआप पडतात ना, मग लक्ष माझ्याकडे दे."

वारेन्नापर्यंत जाऊन येतो. तुझं हेल्मेट पुसून ठेवलंय. दुपारी तू मागे बस. स्टँड तूच वर कर.

पप्पा