चाळीस त्रिनिदादकर, मुक्काम रिकार्टन

४ जुलै २००५, सोमवार. सकाळी ९.४०
एम.ए.च्या थीसिसचा विषय मंजूर! ‘त्रिनिदादमधल्या तरुण विद्यार्थ्यांचा राजकीय पक्षांकडे बघण्याचा दृष्टिकोन.’ मार्गारेटने (माझी गाइड) विचारलं, त्रिनिदादच का? म्हटलं, लहानपणापासून जिव्हाळा. तो जिव्हाळा रेडिओवरच्या क्रिकेट कॉमेंटरीपुरता आहे हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
पुण्याची इंजिनिअरची नोकरी सोडून चाळिशीच्या तोंडावर विद्यार्थी व्हायला धाडस लागतं. माझ्या बायकोची, दीप्तीची, इथे न्यूझीलंडमध्ये आयटीत नोकरी आहे. एका घरात एकानेच नोकरी करावी, असं माझं मत आहे.
उद्यापासून सहाला उठणे. रोज पाचशे शब्द.

५ जुलै. सकाळी ९.५५
क्राइस्टचर्चच्या जुलैतल्या थंडीत सहा ही वेळच नसते. संकल्प सप्टेंबरपासून, म्हणजे वसंतापासून.

१८ जुलै
चौदा प्रश्नांचा फॉर्म तयार. तिथल्या कॉलेजातल्या एका सरांना ईमेल केला. त्यांची विद्यार्थिनी शार्लीन ही वर्गात चाळीस प्रती वाटून, हाताने भरून घेऊन, पोस्टाने पाठवणार आहे. पोरगी उत्साही दिसते. तिने तीनदा आभार मानले. मीही एकदा मानले.

१ ऑगस्ट
निष्कर्षाचं प्रकरण लिहून झालं. बावीस पानं. ‘तरुण उदासीन आहेत.’ आता फक्त डेटा यायचा बाकी आहे.

१५ ऑगस्ट
पोस्टात काही नाही. दोन फॉर्म ईमेलने आले. मार्गारेटला सांगितलं, डेटा येतोय. वाटेत असेल तर ते खोटं कसं?

२ सप्टेंबर
वसंत आला. सहाला गजर झाला. बंद केला.
मार्गारेटला सोमवारी, बारा तारखेला, भरलेले फॉर्म आणि तक्ते हवेत. दीप्ती म्हणाली, फॉर्म आले नाहीत असं सरळ सांग, मुदत मागून घे. तिला समजावलं की संशोधनात असं बोलत नाहीत. ती डबा घेऊन कामावर गेली.

१० सप्टेंबर, शनिवार
इथल्या मराठी मंडळाचा गणपती. आरती चालू असताना कल्पना सुचली. डोळे मिटलेले असल्यामुळे बाप्पाचीच प्रेरणा समजतो.
हॉलमध्ये साठ माणसं, सगळी सुशिक्षित. प्रत्येक जण कधी ना कधी विद्यार्थी होताच. लगेच लायब्ररीत जाऊन अडतीस प्रती काढून आणल्या. मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब म्हणाले, यतीनराव, काळजीच करू नका. त्यांनी प्रसादाच्या रांगेतच टेबल लावलं. आधी फॉर्म, मग मोदक.
सूचना दोनच दिल्या. वयाच्या जागी एकोणीस ते बावीस लिहा आणि मनाने त्रिनिदादला जा. मनाने तिथे जाऊन काय बघायचं, असं बाळासाहेबांनी विचारलं. म्हटलं, आपल्या वेळची कॉलेजची इलेक्शन आठवा.
दीप्ती मोदक वाढत होती. तिच्यापुढेही फॉर्म धरला. ती म्हणाली, मी पुण्याची आहे. मग मला मोदक वाढला नाही.

११ सप्टेंबर
तक्ते तयार. निष्कर्षाशी तंतोतंत जुळतात. फारच जुळतात, म्हणून दोघांना उत्साही केलं.

१७ सप्टेंबर
आज इथे निवडणूक. आम्ही रेसिडेंट असल्यामुळे मत देता येतं. दीप्ती सकाळीच देऊन आली. तरुणांच्या राजकीय उदासीनतेवर प्रस्तावना लिहायची असल्यामुळे मला जमलं नाही. प्रस्तावनाही झाली नाही.

१९ सप्टेंबर, सोमवार
मार्गारेटने सगळे फॉर्म टेबलावर पसरून ठेवले होते. तिने विचारलं, चाळीसपैकी एकतीस जणांनी अगदी वर, मधोमध, एकच खूण केली आहे. हे कुठल्या पक्षाचं चिन्ह?
वाकून बघितलं. ‘श्री’.
आमच्यात कोरा कागद हातात आला की पेन आधी तेच लिहितं. चाळीसच्या चाळीस फॉर्म मी स्वतः चाळले होते. मला ते दिसलंच नाही.
तोंड आपोआप चालू झालं. भारतातून त्रिनिदादला गेलेल्या पूर्वजांची जहाजं, ऊसमळे, दीडशे वर्षं जपलेली एक खूण, असं बरंच काही बोललो. मार्गारेटचे डोळे चमकले. म्हणाली, हे तर नवीनच हाती लागलं! तीस तारखेच्या सेमिनारमध्ये यावरच बोल.
हो म्हणालो. बसने घरी येताना पहिल्यांदा लाज वाटली. रिकार्टनला उतरेपर्यंत वाटत होती.

२३ सप्टेंबर
पार्सल आलं. त्रिनिदादहून. अडतीस फॉर्म. सोबत शार्लीनचं पत्र. उशीर झाल्याबद्दल तिने माफी मागितली आहे. फॉर्म भरताना वर्गात दोन तास भांडण झालं, मग सरांनी सगळ्यांना जेवायला सोडलं. ‘आमचं मत इतक्या लांबून कुणी विचारलं नव्हतं. छापून आलं की कळवाल का? सगळा वर्ग वाट बघतोय.’
नियमाप्रमाणे पार्सल मुदतीनंतर आलं आहे. फॉर्म न वाचता कपाटावरच्या सुटकेसमध्ये ठेवले.

२५ सप्टेंबर, रविवार
दीप्ती सुटकेस काढायला गेली. मग दुपारभर सोफ्यावर बसून तिने अडतीसही फॉर्म वाचले. पोरांनी मागच्या बाजूलाही लिहिलं आहे म्हणाली. एकाच्या घरी निवडणुकीच्या दिवशी वडील आणि आजोबा वेगवेगळ्या खोल्यांत जेवतात. एकीला स्वतःलाच उभं राहायचंय. उदासीन एकही नाही.
मी म्हटलं, सॅम्पल लहान आहे.
तिने फॉर्म नीट लावून पार्सलात परत ठेवले. भांडली असती तर उत्तर तयार होतं.
लाज वाटते. हे एवढं लिहायला पाऊण तास लागला.

२८ सप्टेंबर
संकल्प. सेमिनारच्या आधी मार्गारेटला सगळं सांगणे. चार पानी निवेदन तयार. पहिली तीन पानं परिस्थितीबद्दल आहेत.

३० सप्टेंबर, शुक्रवार
निवेदन खिशात घालून दीडला तिच्या केबिनवर गेलो. दार ठोठावणार, एवढ्यात तिनेच उघडलं.
तिने ती खूण स्कॅन करून त्रिनिदादच्या सरांना पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं होतं. ही खूण त्यांच्या वर्गातल्या कुणीच केलेली नाही. शिवाय शार्लीनने फॉर्म सहा सप्टेंबरला पोस्टात टाकले, ते बाराला क्राइस्टचर्चला कसे पोचले याचं त्यांना कौतुक वाटलं होतं.
मार्गारेटने ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, मी हेच सांगायला आलो होतो. खिशातला कागदही काढून दाखवला. तिने घेतला नाही. माझ्या आयुष्यात हे एकदाच खरं बोललो असेन, आणि ते खोटं वाटलं. तिच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता.

७ ऑक्टोबर
थीसिस रद्द. मार्गारेट ओरडली नाही. एवढंच म्हणाली, त्या मुलांचे फॉर्म त्यांना परत पाठव, आणि पत्र तू स्वतः लिही.
बाळासाहेबांचा फोन आला होता. रिझल्ट काय लागला, आपण त्रिनिदादमध्ये कुणाला निवडून दिलं, असं विचारत होते. मी फोन दीप्तीकडे दिला. ती आत जाऊन त्यांच्याशी बोलली.

८ ऑक्टोबर, शनिवार
पाकिटात भरायच्या आधी फॉर्म वाचले. पहिल्यांदाच. सगळे. चौदावा प्रश्न माझाच होता: ‘पक्षांवर तुमचा विश्वास का नाही?’ विश्वास नाही हे मी आधीच धरून चाललो होतो.
शार्लीनने लिहिलं आहे: ‘ते येतात, आमचं मत विचारतात, आणि मग आमची उत्तरं आमच्याऐवजी स्वतःच लिहितात.’
आतून दीप्तीने विचारलं, पत्र झालं का. म्हटलं, होत आलंय.
‘डिअर शार्लीन’ एवढं झालं आहे.