आदल्या दिवशीची फ्लॉपी

सर, तुमच्या मातीला मी आले नव्हते. निरोप वेळेवर मिळाला होता, राजुऱ्याची बसही होती, कामाचं कारण मी मुद्दाम काढलं. तेव्हा मनाला थोडं लागलं होतं. वर्षभरानं तेही लागेनासं झालं, ते का, हे आज तुम्हाला सांगायचं आहे. जिवंतपणीही तुम्ही कुणाचं ऐकून घेत नव्हता, त्यामुळं आता बोलायला मला फारसं वेगळं वाटत नाही.

खताच्या दुकानावरची ती खोली मला अजून वासासकट आठवते. खाली युरियाची पोती, रस्त्यावर कोळशाचे ट्रक, आणि कीबोर्ड कितीही पुसला तरी बोटांना लागणारी काळी भुकटी. आम्ही सहा जण लिनक्सचा पहिला कोर्स करायला आलो होतो. सहा जणांना मिळून एकच लॉगिन. त्यात बॅचचा एक मोठा फोल्डर आणि त्याच्या पोटात प्रत्येकाचा आपापला छोटा फोल्डर. माऊस तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवले होते. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि पाठीमागे डस्टर घेऊन उभे असलेले तुम्ही, एवढाच आमचा कोर्स. मी आमच्या गावच्या विहारात बसून गाइडातल्या दीडशे कमांड पाठ करून आले होते, दहावी-बारावी अशीच काढली होती ना. पहिल्याच दिवशी तुम्ही ती वही चाळलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "काऊन पाठ केलं हे? लग्नात म्हनायचं आहे काय?" पाचही जण हसले. मी घरी जाऊन रडले.

मग तुमची ती दोन पानांची वही. डाव्या पानावर कमांड उतरवून तिच्याखाली लिहायचं, 'मले काय वाटते'. उजव्या पानावर, 'काय झालं'. डावं पान भरल्याशिवाय एंटर दाबायचा नाही. कोरं पान ठेवून कुणी एंटर दाबला की बाकावर डस्टर आपटलाच. आणि सकाळी अकराला लोडशेडिंगमुळं लाइन गेली की आम्ही सुटलो असं वाटायचं, तर तुम्ही आम्हाला स्लॅबवर न्यायचात. भर उन्हात खडूनं चौकोन आखायचात, मोठ्या चौकोनात सहा छोटे. आम्हाला त्यांत उभं करायचात, इकडून तिकडे चालवायचात, आणि मध्येच माझ्यावर बोट रोखून विचारायचात, "कुठी आहेस वो तू?"

"इथी, सर."

"इथी म्हंजे कुठी? रस्त्यापासून सांग. कोनत्या घरात, कोनत्या खोलीत. जागा मालूम नाई अन् झाडू मारून राह्यली."

पीडब्ल्यूडी म्हणजे आमच्याकडं रस्त्याचं खातं. त्याच नावाची कमांड आपण कुठल्या फोल्डरात उभे आहोत ते सांगते, हे तुम्ही आम्हाला तळपाय भाजेपर्यंत शिकवलंत. बरोबर उत्तराला कधी 'हं' सुद्धा म्हटलं नाही. सहा महिन्यांत एकदाही नाही. जिभेला काय झालं असतं, सर?

आता तो शुक्रवार. सोमवारी आमची प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरचा परीक्षक येणार होता. आणि मधल्या शनिवारी दहा वाजता गडचांदूरला एका सिमेंट कंपनीत माझी मुलाखत होती, कॉम्प्युटर ऑपरेटरच्या जागेची. माझे बाबा तिकडंच चुनखडीच्या खाणीत ठेकेदाराकडं होते. त्यांचा खोकला नुकताच सुरू झाला होता. मला नोकरी लागली की त्यांनी खाण सोडायची, हे घरात ठरलेलं होतं. हे तुम्हाला माहीत होतं. बाबा स्वतः येऊन तुमच्याशी बोलून गेले होते, टोपी हातात घेऊन.

अकराला पाच मिनिटं कमी आहेत. लाइन जायच्या आत मला माझ्या फोल्डरातल्या सरावाच्या फायली साफ करायच्या आहेत. डावं पान कोरं आहे. लिहायला वेळ कुठं आहे? आपण आपल्याच फोल्डरात आहोत असं धरून मी सगळं पुसून टाकायची कमांड देते आणि एंटर दाबते. मशीन एक शब्द बोलत नाही. काम झालं की ते बोलत नाही, हे तुम्हीच शिकवलं होतं, म्हणून मी खूशही होते. मग शेजारची म्हणते, "अवो, माहा फोल्डर कुठी गेला?" मी माझ्या फोल्डरात नव्हते. मोठ्या चौकोनात उभी होते. सहा जणांचं सहा महिन्यांचं काम मी एका फटक्यात झाडून टाकलं होतं. तेवढ्यात लाइन गेली.

तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही माझी वही उघडलीत, कोऱ्या पानावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "बस. पाचही जनांच्या वह्या घे, अन् सगळं परत उभं कर."

"सर, उद्या माही मुलाखत आहे."

"जाय ना मंग. कोनं धरून ठेवलं तुले? फक्त ह्या पाच जनांले सांगून जाय."

मी त्या पाच तोंडांकडं पाहिलं. मग पाय उचललाच नाही. शनिवारी दहा वाजता मी तिसऱ्या वहीवर होते आणि तुम्ही खिडकीशी उभं राहून चहा पीत होता. बशीत ओतून, फुंकून फुंकून. रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं उभं राहिलं. सोमवारी सहाही जण पास झालो. मुलाखत पुन्हा झाली नाही, ती जागा दुसऱ्या कुणालातरी मिळाली. बाबा म्हणाले, "जाऊ दे बाई, होते असं." आणि पुढची चार वर्षं ते खाणीत जात राहिले. त्यांचा खोकला त्यांनी शेवटपर्यंत बिडीवर ढकलला. मी मात्र तो तुमच्यावर ढकलते.

तरी इथवर चूक माझीच होती, असं मी मानत आले. मग तुम्ही गेल्यावर वर्षभरानं तुमच्या घरच्यांनी, काकूंनी, मला घरी बोलावलं. तुमची पुस्तकं घेऊन जा म्हणाल्या. पुस्तकांखाली बुटाचा एक डबा होता आणि त्यात ओळीनं लावलेल्या फ्लॉप्या. काकू म्हणाल्या, "रोज क्लास सुटला का एक फ्लॉपी भरत. पोरायचं काम आहे म्हने, जपाव लागते. एक दिवस चुकले नाई." प्रत्येकीवर तुमच्या त्या किरट्या अक्षरात तारीख. मी ती शोधली. गुरुवारची फ्लॉपी होती. माझ्या शुक्रवारच्या आदल्या दिवशीची.

म्हणजे तुमच्याकडं सगळं होतं. दहा मिनिटांचं काम होतं. लाइन आली की फ्लॉपी घालायची, सगळं परत आणायचं, मला दोन शिव्या घालायच्या आणि शनिवारच्या बसला बसवून द्यायचं. तुम्ही चहा फुंकत राहिलात, सर. मला धडा शिकवायचा होता ना तुम्हाला? माझ्या बाबांच्या छातीवर लिहून कशाला शिकवलात? काकूंनी दिलेला चहा पिऊन मी उठले. येताना ती एक फ्लॉपी पर्समध्ये टाकली. त्यांना विचारलं नाही.

त्या दोन दिवसांत मी जे शिकले ते सहा महिन्यांत शिकले नव्हते, हे मला मान्य करावं लागतं, आणि ते करताना मला तुमचा जास्तच राग येतो. पाच जणांची डावी पानं वाचताना कळलं, की एकाच कमांडबद्दल पाच माणसं पाच तऱ्हांनी चुकतात. कुठं आणि काऊन चुकतात ते मला तिथंच दिसलं. आज गडचिरोलीला मी हाच कोर्स शिकवते. दोन पानांची वही माझ्याही वर्गात आहे. डस्टर नाही. चांगलं केलं की मी तोंडानं चांगलं म्हणते, दहा वेळा म्हणते, तुमच्यावर सूड म्हणून म्हणते.

तुमचा पत्ता आता कुणाकडंच नाही, आणि असता तरी हे मी टपालात टाकलं नसतं. कारण एक गोष्ट राहिली आहे. गेल्या आठवड्यात एटापल्लीकडच्या एका मुलीनं सकाळी अकराच्या सुमाराला तेच केलं. तोच मोठा चौकोन, तसंच कोरं पान. सगळ्यांचं काम गेलं. ती म्हणाली, "मॅडम, दोनची बस आहे, घरी आजी आजारी आहे." मी म्हणाले, "बस. परत उभं कर." वर्गाच्या कामाची कॉपी पेन ड्राइव्हवर माझ्या पर्समध्ये होती. मी तुमच्यासारखी नाही सर, मी तो काढून तिला दिला. पण चार वाजता दिला. सकाळी अकराला नाही.